कर्ज बुडण्याआधीचा हिशेब

पूर्वी कर्ज बुडाल्याचा पुरावा दिसला, की मगच बँका तोटा वहीत लिहीत. अमेरिकेतला नियम तसाच होता आणि आंतरराष्ट्रीय नियमही तसाच. 2008 साली अमेरिकेत घरकर्जं थकली, सप्टेंबरमध्ये लेहमन ब्रदर्स ही मोठी बँक कोसळली. धोका आधीपासून होता. वहीत तो फार उशिरा उतरला.

म्हणून लंडनच्या आंतरराष्ट्रीय हिशेब मंडळानं 2014 साली नवा नियम काढला. तो 1 जानेवारी 2018 पासून लागू झाला. आता कर्ज दिल्यापासूनच होऊ शकणारा तोटा मोजायचा. समजा, 100 जणींना 10,000 रुपयांप्रमाणे 10 लाख दिले. वर्षभरात दोघींचं कर्ज थकेल आणि त्यातलं निम्मं वसूल होईल असा अंदाज असेल, तर 10,000 रुपयांची तरतूद आधीच करायची. हप्ता 30 दिवसांहून जास्त थकला, की सहसा धोका वाढला असं धरतात. मग वर्षाचा नाही, पूर्ण मुदतीचा तोटा मोजतात.

भारतात मोठ्या फायनान्स कंपन्यांना हा नियम 2018 सालीच लागू झाला. बायकांच्या गटांना कर्ज देणाऱ्या मोठ्या कंपन्याही त्यात आल्या. पण कंपनीनं तरतूद केली म्हणजे आपलं कर्ज माफ झालं असं नाही. देणं तेवढंच राहतं.

आपला गटही सभासदांना कर्ज देतो. पुढच्या बैठकीत वही उघडा आणि विचारा: यातलं किती परत येईल?