अर्धांगवायूतली चाल : निदानाकडून उपचाराकडे

अर्धांगवायूतून उठलेल्या माणसाची चाल बहुधा लांबूनही ओळखू येते. हात कोपरात मुडपून अंगाशी आखडलेला, पाय मात्र ताठ. गुडघा पुरेसा वाकत नाही, पाऊल घोट्यातून उचलले जात नाही आणि चवडा जमिनीला अडतो. मग कंबर वर घेऊन तो पाय विळा फिरवावा तसा बाहेरून अर्धवर्तुळात पुढे आणला जातो. दुबळ्या पायावर फार वेळ भार पेलवत नसल्याने चांगला पाय घाईने टेकवला जातो. दिसायला ही चाल विचित्र असली, तरी न वाकणारा पाय पुढे नेण्याची शरीराने काढलेली ती शहाणी वाट आहे. वैद्यकाला हे पटायला मात्र बराच काळ लागला.

मेंदूच्या एका बाजूला इजा झाली की दुसऱ्या बाजूचे अंग लुळे पडते, हे ग्रीक वैद्य अरेटियसने फार पूर्वी नोंदवले होते. १६५८ मध्ये स्वित्झर्लंडच्या योहान वेफरने शवविच्छेदनाच्या आधारे अर्धांगवायूच्या झटक्यामागे मेंदूतला रक्तस्राव असू शकतो, हे दाखवले. पण रुग्ण पुढे कसा चालतो, याकडे बारकाईने पाहिले गेले ते एकोणिसाव्या शतकात, आणि तेही निदानासाठी. लंडनच्या रॉबर्ट बेंटली टॉड यांनी १८५० च्या दशकात दाखवले की मेंदूच्या इजेने लुळा पडलेला पाय गोल फिरून पुढे येतो; त्या काळी ‘हिस्टेरिया’ म्हटल्या जाणाऱ्या विकारात तो नुसता मागून फरपटत येतो.

पुढे चाल नोंदवून ठेवण्याचे मार्ग निघाले. फिलाडेल्फियात १८८५ च्या सुमारास छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिज आणि डॉक्टर फ्रान्सिस डर्कम यांनी बिघडलेल्या चालीच्या रुग्णांची टप्प्याटप्प्याने छायाचित्रे घेतली. पॅरिसमध्ये जिल द ला तुरेत याने रुग्णांच्या तळव्यांना लोहाची तांबडी पूड लावून त्यांना लांबलचक कागदावर चालवले आणि पावलांचे ठसे मोजले. १८८६ चे हे काम आज फारसे कुणाला आठवत नाही. तुरेतचे नाव राहिले ते एका वेगळ्याच आजाराला.

उपचाराचा विचार खऱ्या अर्थाने पालटला तो विसाव्या शतकाच्या मध्यावर. तोवर चांगल्या बाजूच्या जोरावर निभावून नेण्यावर भर असे. लंडनमध्ये बर्टा बोबाथ यांनी १९४० च्या दशकात चित्रकार सायमन एल्विस यांच्यावर उपचार करताना ताठरलेल्या स्नायूंचा ताण उतरवून बाधित बाजूलाच हालचाल शिकवायला सुरुवात केली. वाईट चाल अंगवळणी पडेल या भीतीने त्यांच्या पंथातले अनेकजण रुग्णाला चालवण्याची घाई करत नसत. अमेरिकेत सिग्ने ब्रुनस्ट्रोम यांची दिशा उलटी होती. सुरुवातीला जी बांधील, एकगठ्ठा हालचाल परत येते, तिचाच आधार घेऊन पुढे जावे, असे त्यांचे म्हणणे. बोबाथ पद्धत इतरांहून सरस असल्याचे पुढच्या चाचण्यांत दिसले नाही. भारतात याच काळात, १९५० च्या दशकाच्या आरंभी, मुंबईच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले.

१९६१ मध्ये व्लादिमिर लिबरसन यांनी बुटाच्या टाचेत बटण बसवले. टाच उचलताच गुडघ्याजवळच्या मज्जातंतूला विजेचा हलका झटका बसे आणि लोंबणारे पाऊल वर येई. या युक्तीची सुधारलेली उपकरणे आजही वापरात आहेत.

नंतर चालीच्या रूपापेक्षा तिच्या उपयोगाची मोजदाद सुरू झाली. जॅकलिन पेरी आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये वेगावरून गट पाडले: सेकंदाला ०.४ मीटरपेक्षा कमी वेग असेल तर वावर बहुतेक घरापुरता, ०.८ च्या पुढे गेला की बाहेर मोकळेपणाने. दरम्यान पट्ट्यांनी अंगाचा भार पेलून ट्रेडमिलवर चालवण्याची पद्धत बरीच गाजली. २०११ मध्ये अमेरिकेत ४०८ रुग्णांवर झालेल्या चाचणीत मात्र, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली घरीच केलेल्या व्यायामापेक्षा ती सरस ठरली नाही. सर्वच गटांतल्या रुग्णांची चाल सुधारली होती.