माप कोणाच्या हाती?

ज्याच्या हाती माप, त्याच्या तोंडाकडे पाहून बाकीचे बोलतात. कर्जत-खालापूरच्या डोंगरपट्टीचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास वाचताना हे वारंवार आमच्या ध्यानात आले.

कातकरी हे नाव कातावरून पडले. खैरापासून कात करणारी ही जमात. १८७८ च्या वनकायद्याने रानावर सरकारी अंमल घट्ट झाला, तसा तो धंदा आखडत गेला आणि रानाचा माणूस कोळसाभट्टीवर व सावकाराच्या शेतावर येऊन पडला. पावसाळ्यात चूल थंड. मग वाढीदिढीने भात घ्यायचे, म्हणजे सुगीला मणाचे दीड मण फेडायचे. ज्यांनी माणसाला या अवस्थेत लोटले त्यांनीच पुढे त्याचे वर्णन केले : आळशी, उधळा, चोर. इंग्रजी अमदानीतील सरकारी लिखाणातही हाच सूर आढळतो. साहेबाला माहिती पुरवणारे बहुधा गावातले वजनदार लोकच असणार! सावकाराच्या कपाळावरची आठी वाडीवरच्या पोरालाही वाचता येई; सावकाराला त्या पोराचे नावही ठाऊक नसे. दुबळ्याला बारकाईने पाहावेच लागते, सबळाला तशी गरज पडत नाही.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजेच भाई कोतवाल, १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानच्या एका नाभिक कुटुंबात जन्मले. बलुतेदाराचे मूल वरच्यांची मर्जी राखायला शिके. हा मुलगा कायदा शिकला. वकील होऊन त्यांनी गरीब शेतकऱ्यांसाठी धान्यकोठी उघडली, शाळा काढल्या. माप सावकाराच्या हातून सुटले, तशी लोकांची नजरही त्याच्यावरून हलली. आमच्या मते हाच त्यांचा खरा पराक्रम. पण व्याख्यानांतून आपण ऐकतो ते विजेचे मनोरे पाडल्याचे. अर्थात तेही लहान काम नव्हे. खोपोलीचे वीजघर १९१५ चे, भिवपुरीचे १९२२ चे. इथल्या घाटाच्या पाण्यावर मुंबईच्या गिरण्या चालत आणि वाड्या अंधारात असत. १९४२ मध्ये कोतवालांच्या आझाद दस्त्याने त्या तारांवरच घाव घातला. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या रानात पोलिसांच्या गोळ्यांनी ते व हिराजी पाटील हुतात्मा झाले. त्याआधी काही महिने त्यांना रानात आसरा व भाकरी मिळत राहिली, ती कोणाच्या हुकुमाने नव्हे.

१९७६ च्या कायद्याने वेठबिगारी गेली. कशेळ्याच्या अ‍ॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने आदिवासी पाड्यांवर पुन्हा धान्यबँका उभ्या केल्या. तरीही पावसाळा संपला की उचल घेऊन कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातातच.

आम्ही वाडीवर गेलो की म्हातारी माणसे उठून उभी राहतात. काहीही विचारले तरी उत्तर येते, “होय फादर.” बरीच वर्षे आम्ही याला आदर समजत होतो. एकदा एका बाईला विचारले, “बाई, उचल किती घेतली?” तिने आधी आमच्या मागे उभ्या असलेल्या मुकादमाकडे पाहिले, आणि मग आकडा सांगितला.