न दिसणारा आरसा: रंगमंचावरची जादू, काच आणि प्लॅस्टिक

जादूचा इतिहास सांगताना आपण जादूगारांची नावं घेतो. आज आपण आरशाकडे बघू. एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक गाजलेल्या प्रयोगांत खरं काम त्यानंच केलं, आणि अट एकच होती: तो कुणाला दिसता कामा नये.

२४ डिसेंबर १८६२ रोजी लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी रंगमंचावर भूत उभं केलं. मूळ कल्पना हेन्री डर्क्स या अभियंत्याची. पण त्यांच्या पद्धतीसाठी नाट्यगृहच बदलावं लागलं असतं. पेपर यांनी मोठी काच तिरकी बसवली आणि काम सोपं केलं. ही साधी पारदर्शक काच होती. खाली लपलेल्या नटावर उजेड पडला की त्याचं प्रतिबिंब काचेत उमटायचं.

खरा आरसा आला १८६५ मध्ये. १६ ऑक्टोबरला कर्नल स्टोडेअर यांनी इजिप्शियन हॉलमध्ये टेबलावर पेटी उघडली, आणि आतलं डोकं बोलू लागलं! टेबल तीन पायांचं, खाली मोकळं दिसणारं. युक्ती थॉमस टोबिन यांची. पायांच्या मध्ये दोन आरसे काटकोनात बसवलेले. त्यांत बाजूचे पडदे दिसत, आणि लोकांना वाटे, आपण मागचाच पडदा बघतोय. माणूस आरशांच्या मागे बसलेला. पण आरशावर एक बोट उमटलं, की खेळ संपला. पॅरिसमध्ये अशाच प्रयोगात प्रेक्षकांनी कागदाचे बोळे फेकले. ते हवेतच आपटून परत आले, आणि बिंग फुटलं.

आता थोडं आरशाच्या पाठीमागे बघा. त्या काळी पुष्कळ आरसे कथील आणि पारा वापरून बनत. १८६१ मध्ये आडोल्फ कुसमाउल या जर्मन डॉक्टरांनी आरसे बनवणाऱ्या कामगारांवर ग्रंथ लिहिला. पाऱ्याच्या वाफेनं या माणसांचे हात थरथरत, तोंड येई, मन बिथरे. युस्टुस फॉन लीबिग यांनी चांदीचा मुलामा देण्याची रीत शोधली होती, तरी पारा सुटायला बरीच वर्षं गेली. जादूच्या इतिहासात या कामगारांना एक ओळही मिळत नाही. आम्हाला वाटतं, ती मिळायला हवी.

विसाव्या शतकात, १९३० च्या दशकात ॲक्रिलिक बाजारात आलं. पुढे त्याच्या पाठीवर ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवून आरसे होऊ लागले. हिशोब करून बघा: एक चौरस मीटर, ६ मिलिमीटर जाडीची काच १५ किलो भरते, तेवढंच ॲक्रिलिक साधारण ७ किलो. गावोगाव फिरणाऱ्या मंडळींसाठी हा फरक मोठा. शिवाय फुटलं तरी काचेसारखे बारीक धारदार तुकडे उडत नाहीत.

पण फुकट काही मिळत नाही. ॲक्रिलिक वाकतं, आणि वाकलं की प्रतिबिंब लाटांसारखं दिसतं; मग मागचा पडदा ‘मागचा’ वाटत नाही. म्हणून ते सपाट प्लायवूडवर नीट बसवावं लागतं. ओरखडे लगेच पडतात, तेव्हा वरची संरक्षक फिल्म प्रयोगाआधीच काढावी आणि मऊ ओल्या कापडानं पुसावं. ते पेटतंही, तेव्हा मेणबत्त्या दूर! फलक बनवणाऱ्यांकडे ८ बाय ४ फुटांची शीट मिळते. घेताना ती उभी धरून लांबच्या सरळ रेषेचं प्रतिबिंब बघावं. रेषा डोलली, तर ती शीट घेऊ नका.

म्हणजे पदार्थ बदलला, अट बदलली नाही. बोटाचा ठसा आजही तेवढाच घातक आहे. फरक इतकाच, की आता आरशासाठी कुणाचे हात थरथरावे लागत नाहीत.