पोलादाला पाजलेलं पाणी

राहाता तालुक्यातलं कोल्हार प्रवरेच्या काठी, नगर-मनमाड रस्त्यावर वसलेलं. भगवतीच्या देवळामुळे ते ठाऊक असतं. पण धातूचा इतिहास वाचायचा तर हा नदीकाठ फार सोयीचा आहे. वरच्या अंगाला संगमनेरजवळ जोर्वे, खालच्या अंगाला दायमाबाद आणि त्याही पुढे नेवासे. तांबं, कासं, लोखंड, तिन्ही एकाच पाण्यावर.

दायमाबादला १९७४ साली सापडलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा ही काशाची चार शिल्पं मिळून साठ किलोंहून जास्त भरतात. ती ओतीव आहेत. घणाचा त्यांच्याशी संबंध नाही. जोर्व्याला सापडलेल्या तांब्याच्या कुऱ्हाडींमुळे मात्र एक वेगळा प्रश्न समोर येतो. तांबं ठोकलं की कडक होतं आणि तापवलं की मऊ पडतं. लालबुंद तांबं पाण्यात बुडवा, ते मऊच राहील. म्हणजे आजच्या लोहाराच्या भाषेत तांब्याला पाणी चढत नाही. नेवाशाला १९५४-५६ मध्ये ह. धी. सांकलियांनी केलेल्या उत्खननात सातवाहनकालीन थरांत लोखंडी वस्तू निघाल्या. पाण्याची गोष्ट सुरू होते ती या धातूपासून.

तापलेलं पोलाद एकदम थंड करून कठीण करणं म्हणजे ‘पाणी देणं’ किंवा ‘पाणी पाजणं’. पोलादातला कार्बन तापल्यावर लोखंडात विरघळतो. सावकाश निववलं तर वेगळा होतो, झटक्यात निववलं तर आतच अडकतो. त्या अडकण्यानेच धातू ताठ होतो. निव्वळ लोखंडात कार्बन जवळजवळ नसतोच, म्हणून त्याला कितीही पाणी पाजलं तरी फुकट.

बारा बलुतेदारांतला लोहार हे सूत्रावाचून जाणत होता. त्याची लोहारसाळ अंधारी असायची, आणि त्यामागे गरिबीपेक्षा मोठं कारण होतं: तापलेल्या धातूचा रंग उन्हात नीट कळत नाही. भाता, ऐरण, सांडशी आणि डोळा एवढंच भांडवल. छन्नीचं नुसतं टोक पाण्यात बुडवायचं, बाहेर काढून घासून लख्ख करायचं आणि थांबायचं. मागच्या भागातली धग पुढे सरकते, तशी टोकावर आधी गवती पिवळी, मग तपकिरी, जांभळी आणि शेवटी निळी झाक चढते. पिवळी म्हणजे साधारण २२५ अंश सेल्सियस, निळी म्हणजे ३००. हवा तो रंग आला की सगळी छन्नी पाण्यात. पिवळीवर थांबला तर धार कडक पण ठिसूळ. निळीवर थांबला तर चिवट. चूक झालीच तर शेतकरी दुसऱ्या दिवशी कपचा उडालेली कुऱ्हाड घेऊन दारात उभा.

प्रवरेवरचं भंडारदऱ्याचं दगडी धरण १९२६ साली पुरं झालं. कोल्हारच्या परिसरात ऊस पिकला तो त्याच्या कालव्यांमुळे, हे सगळे सांगतात. पण धरणाचा दगड घडवणाऱ्याची टाकी, म्हणजे छन्नी, रोज बोथट होते आणि तिला रोज पुन्हा पाणी द्यावं लागतं, हे सहसा कुणी सांगत नाही.

पाणी देण्याची हीच विद्या विमानाच्या धंद्यातही लागते. तो धंदा शेजारी आला १९६४ मध्ये: नाशिकजवळ ओझरला मिग-२१ बांधण्यासाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला. पुण्यात नीळकंठराव कल्याणींनी १९६१ साली भारत फोर्जची स्थापना केली. मोटारींचे घडीव भाग करणाऱ्या या कंपनीने पुढे बोइंग ७३७ च्या पंखांमधल्या फ्लॅपच्या यंत्रणेसाठी टायटॅनियमचे घडीव भाग पुरवायला सुरुवात केली.

विमानाच्या घडीव भागाला दुसरा दिवस मिळत नाही. म्हणून भट्टीत जागोजागी तापमापक असतात, अनेक भट्ट्यांना सहा अंशांहून जास्त चूक माफ नसते, आणि प्रत्येक घाण्याची नोंद वर्षानुवर्षं जपून ठेवतात. विमानाच्या चाकांवरचा भार पेलणाऱ्या ‘३०० एम’ नावाच्या पोलादाला ८७० अंशांपर्यंत तापवून तेलात बुडवतात आणि मग दोनदा ३०० अंशांवर शेकतात. म्हणजे लोहाराची निळीच, फक्त ती बघायला आता डोळा लागत नाही. निर्वात भट्टीत तर ती दिसणारही नाही, कारण रंग चढायला हवेतला ऑक्सिजन लागतो.

टायटॅनियमच्या बाबतीत तर उलटाच न्याय आहे. तापवलेल्या भागावर निळी झाक दिसली की तपासनीस थबकतो. धातूत ऑक्सिजन शिरल्याची ती खूण असू शकते. वरचा थर ठिसूळ झालेला असेल, तर तो आम्लाने किंवा यंत्रावर काढून टाकल्याशिवाय भाग पुढे जात नाही.