मदरसा, मेरू आणि पुनरावृत्त काळ

बिदर शहरात, गिलान प्रांतातून आलेल्या महमूद गावान या बहमनी वजिराने 1472 साली उभारलेल्या तीन मजली मदरशाचा उरलेला एकमेव मिनार व त्यावरील रंगीत नक्षीचे तुकडे पाहिले, म्हणजे विद्यालय हेच एखाद्या अद्‌भुत कथेचे स्थान का व्हावे, हे सहज ध्यानात येते. आपल्याकडे अशा कथांची परंपरा जुनी आहे : योगवासिष्ठातील भुशुंड हा चिरंजीव काक मेरूवर बसून वसिष्ठांना सांगतो, की समुद्रमंथनासारखे प्रसंग आपण पुनःपुन्हा, किंचित निराळ्या रूपांत घडताना पाहिले आहेत. मराठीत लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांच्या 1861च्या ‘मुक्तामाला’ने अद्‌भुतरम्य कादंबरीचा पाया घातला.

याच अद्‌भुत रसाचा आधुनिक आविष्कार पाहू इच्छिणाऱ्या वाचकाने क्रोएशियन लेखक डोमागोय कुर्माइच यांची ‘मदर ऑफ लर्निंग’ अवश्य वाचावी. तीत जादूविद्यालयातील झोरियन एकच महिना पुनःपुन्हा जगतो आणि अध्ययनानेच समर्थ होत जातो. उर्सुला ले ग्विन यांची 1968ची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ मात्र तिच्याही आधी वाचावी, कारण विद्येबरोबर येणारे उत्तरदायित्व तिच्याइतके गांभीर्याने क्वचितच कोणी मांडले आहे.