खाडीतला गाळ येतो कुठून?

 आजचा विषय ऐकून काहीजणी हसतील. विषय आहे गाळ. सुकतीला खाडीत उतरून तिसऱ्या, मुळे, कालवं काढणाऱ्या बायकांना गाळाची ओळख करून द्यायची गरज नाही. पाय किती रुतला यावरून त्या सांगतात, इथे यंदा मिळेल की नाही. पण गटाच्या बैठकीत खाडी उथळ होत चालल्याचं बोलणं निघालं, तेव्हा एका वयस्क काकींनी साधा प्रश्न विचारला, "पण हो गाळ इलो खंयसून?" त्या प्रश्नाचं उत्तर शोधत गेले आणि फार लांब पोचले. थेट साडेसहा कोटी वर्षांपूर्वी!

आपण इतिहास म्हटला की किल्ले आणि राजे आठवतो. पण आपल्या पायाखालच्या मातीलाही इतिहास आहे, आणि तो समजला तर आजच्या खाडीचं दुखणंही नीट समजतं. म्हणून सुरुवातीपासून सांगते.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपल्या देशाच्या पश्चिम भागात जमिनीला लांबलचक भेगा पडल्या आणि त्यांतून तापलेला लाव्हा बाहेर आला. उंच सुळक्यातून आग ओकणारा ज्वालामुखी चित्रात असतो, तसा हा सगळा प्रकार नव्हता. दूध उतू जाऊन ओट्यावर पसरतं, तसा लाव्हा पसरला. एक थर थंड झाला की त्यावर दुसरा, मग तिसरा. मधल्या शांत काळात त्या थरांवर तळी झाली, झाडं वाढली, बेडूकसुद्धा राहिले. मुंबईत वरळीला अशा दोन थरांच्या मधल्या गाळात छोट्या बेडकांचे सांगाडे सापडले, त्यांचं वर्णन १८४७ साली प्रसिद्ध झालं. म्हणजे त्या आगीच्या काळातही गाळ साचतच होता आणि त्यात जीव नांदत होते.

या लाव्हाच्या खडकाला आपण काळा पाषाण म्हणतो, पुस्तकात त्याला बेसाल्ट म्हणतात. आजही तो सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. त्याला दख्खन ट्रॅप असं नाव आहे. ट्रॅप हा शब्द स्वीडनच्या भाषेतल्या पायऱ्यांवरून आला. एसटीने घाट चढताना डोंगराकडे बघा, पायऱ्या पायऱ्या दिसतात. ते थर म्हणजे एकावर एक पडलेला लाव्हा.

त्यानंतर पश्चिमेकडची जमीन तुटली. हिंदी महासागरातली सेशेल्स बेटं आज आपल्यापासून हजारो किलोमीटरवर आहेत, पण एके काळी ती आपल्या पश्चिम किनाऱ्याला चिकटलेली होती. ती दूर सरकली, मधे समुद्र आला आणि जमिनीची पश्चिमेकडची कड उंच राहिली. ती कड म्हणजे आपला सह्याद्री. म्हणून सह्याद्री घाटावरून पाहिला तर डोंगर वाटत नाही, सपाट माळ वाटतो. कोकणातून पाहिला तर भिंत वाटते.

त्या भिंतीवर पाऊस पडू लागला. आंबोलीला आजही वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास, कधी त्याहून जास्त पाऊस पडतो. पाणी उतारावरून धावतं, खडक झिजवतं, आणि कड हळूहळू पूर्वेकडे मागे सरकते. आपला कोकण हा त्या मागे सरकलेल्या डोंगराने मोकळा केलेला पट्टा आहे. कुडाळ-मालवण भागात तर लाव्हाचे थर झिजून त्याखालचे कितीतरी जुने खडक उघडे पडले आहेत. तारकर्लीची वाळू पांढरी का, याचं कारणही त्यात आहे. ती वाळू मुख्यतः त्या जुन्या खडकांमधल्या गारगोटीची आहे. त्याच पुळणीवर कधी काळ्या रेघा दिसतात, ते जड कण. मोडक्या स्पीकरमधलं लोहचुंबक त्यावरून फिरवून बघा, काही कण चिकटून येतील. तशा काळ्या कणांत लाव्हाच्या डोंगरातून आलेलं लोखंड असतं. रत्नागिरीजवळच्या मिऱ्या आणि काळबादेवीच्या किनाऱ्यावर अशी काळी वाळू मोठ्या प्रमाणात आहे.

आता कोणी विचारेल, डोंगर इतकी कोटी वर्षं झिजतोय, तर संपला कसा नाही? याचं उत्तर आपल्या होडीत आहे. मासळीने भरलेली होडी पाण्यात खोल बसते. मासळी उतरवली की ती वर उचलते. जमिनीचं कवचही खालच्या जड, दाट थरावर असंच तरंगतं. डोंगरावरचा खडक झिजून गेला की भार हलका होतो आणि जमीन सावकाश वर येते. आणि तो झिजलेला माल जिथे जाऊन पडतो, त्या समुद्राच्या तळावर भार वाढतो, तो तळ खाली दबतो. म्हणून तिथे आणखी गाळाला जागा होते. एकीकडे उचलणं, दुसरीकडे दबणं. जात्याच्या दोन तळ्यांसारखं हे काम कोट्यवधी वर्षं चाललंय.

समुद्राखालची ही खोलगट जागा किती कामाची ठरली ते ऐका. १९७४ साली 'सागर सम्राट' या जहाजाने मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात विहीर खणली आणि बॉम्बे हायचं तेल सापडलं. तिथे सगळ्यात खाली आपलाच काळा पाषाण आहे. त्यावर त्याच पाषाणाची झीज होऊन वाहून आलेला भरड गाळ, त्यावर चिकणमाती, आणि त्याच्या वर चुनखडक. जुन्या चिकणमातीत गाडल्या गेलेल्या जीवांचं आणि पाल्याचं दाबाने, उष्णतेने तेल झालं आणि ते मुख्यतः वरच्या चुनखडकात साठलं. तिथला वायू उरणला येतो आणि त्यातून स्वयंपाकाचा गॅसही निघतो. तेव्हा शेगडी पेटवताना आठवण ठेवा, त्या ज्योतीत थोडा जुना गाळ जळतोय.

२०१५ साली शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय मोहिमेने अरबी समुद्रात आणखी खोल छिद्रं पाडली. तिथे समजलं, की सुमारे १ कोटी ८ लाख वर्षांपूर्वी पश्चिम किनाऱ्याजवळचा साठलेला गाळ एकदम घसरून खोल समुद्रात गेला होता. काही ठिकाणी त्या दरडीचा थर ३०० मीटरहून जाड आहे. तिला नाव दिलंय 'नटराज'. गाळ गप्प बसतो असं आपल्याला वाटतं, पण प्रमाणाबाहेर साचला की तोही तांडव करतो.

आता माणसांच्या काळाकडे येऊ. कणकवली तालुक्यातलं खारेपाटण आज महामार्गावरचं गाव म्हणून आपल्याला माहीत आहे. समुद्रापासून ते सुमारे ४० किलोमीटर आत आहे. तिथे सापडलेला शिलाहार राजा रट्टराज याचा ताम्रपट इसवी सन १००८ चा आहे. त्यात परदेशांहून येणाऱ्या जहाजांकडून सोन्याच्या रूपात घ्यायच्या कराचा उल्लेख आहे. वाघोटणची खाडी तेव्हा व्यापाराची वाट होती. पुढे गाळाने खाडी उथळ होत गेली आणि मोठी गलबतं वरपर्यंत येईनाशी झाली. बंदर गेलं की बाजार जातो, बाजार गेला की माणसं पांगतात. ज्या गावी सोन्याचा हिशेब व्हायचा, तिथे एसटीचा थांबा उरला.

त्याच खाडीच्या मुखाशी विजयदुर्ग आहे. किल्ल्यापासून थोडं आत गिर्ये-रामेश्वरच्या बाजूला मराठ्यांच्या आरमाराची गोदी आहे, शंभर मीटरहून लांब आणि बरीचशी खडक फोडून केलेली. तिथे जहाजं बांधली जात, दुरुस्त होत. त्या गोदीचाही बराच भाग पुढे गाळाने भरला. आपला सिंधुदुर्ग मात्र १६६४ पासून कुरटे बेटाच्या खडकावर, खाडीच्या तोंडापासून बाजूला उभा राहिला. त्याच्याभोवती त्रास आहे तो लाटांचा आणि खडकांचा.

म्हणजे गाळ साचणं हे नवीन नाही. मग काळजी कसली? मैत्रिणींनो, काळजी वेगाची आहे. डोंगर आपल्या गतीने झिजतो तेव्हा हजार वर्षांत काही सेंटिमीटर जातो. वर झाडोरा असेल, पाला असेल, तर पाऊस मातीवर थेट आपटत नाही. पण तोच उतार रस्त्यासाठी, बागेसाठी किंवा प्लॉटसाठी यंत्राने उघडा केला आणि पहिल्या पावसाआधी तसाच सोडला, तर एका पावसाळ्यात त्यावर हातभर खोल घळी पडतात. चिरेखाणीच्या कडेला टाकलेली लाल माती व्हाळात उतरते, व्हाळातून नदीत, नदीतून खाडीत. जांभा तयार व्हायला किती काळ लागतो बघा: पावसाने खडकातलं विरघळणारं सगळं धुऊन नेलं, आणि चहाच्या चोथ्यासारखं लोखंड नि ॲल्युमिनियम मागे राहिलं, तो जांभा. लाखो वर्षांचं ते काम आणि आपण ते एका हंगामात मोकळं करतो.

याचा पहिला फटका कोणाला? तिसऱ्यांना आणि त्या काढणाऱ्या बायकांना. तिसऱ्या वाळूमिश्रित गाळात राहतात, पाणी गाळून त्यातलं खाणं घेतात. वरून बारीक चिकण लाल गाळाचा जाड थर बसला की त्या गुदमरतात. होडीचा मालक जाळं घेऊन पुढे जाऊ शकतो. जिच्याकडे फक्त कोयती आणि टोपली आहे, तिला पुढची जागा नसते. दुसरा फटका कुणग्यांना. नदीने वर्षानुवर्षं आणलेल्या बारीक, कसदार गाळावरच आपली भातशेती आणि वायंगण उभी आहे, पण एका रात्रीत आलेली भरड माती रोप गाडून टाकते. गाळ तोच. सावकाश आला तर आई, धावत आला तर वैरी.

म्हणून खाडीतला गाळ काढा, एवढीच मागणी अर्धी आहे. तो काढायला लागतो तिथे जाणकारांना विचारून काढावा, कारण वाळू हवी तशी उपसली तर काठ खचतो, विहिरीत खारं पाणी येतं. पण वरचा नळ चालू ठेवून खालची बादली किती वेळा उपसणार?

आपल्या हातात काय आहे? तीन गोष्टी सुचवते. एक, पावसाळ्यानंतर आपण घालतो ते वनराई बंधारे पाण्यासाठी आहेतच. पावसाआधी घळींमध्ये दगडांचे छोटे बांधही रचू या, ते माती अडवतात. दोन, खाडीकाठची कांदळवनं तोडू द्यायची नाहीत. त्यांची मुळं पाण्याचा वेग मोडतात आणि गाळ काठाला धरून ठेवतात. तीन, ग्रामसभेत उतार कापण्याचा विषय आला की एकच प्रश्न विचारायचा: पहिल्या पावसात ही माती कुठे जाईल? उत्तर लिहून घ्यायचं.

आणि एक सोपं काम. खाडीत उतरणाऱ्या गटांनी एका बांबूवर वीतवीतभर खुणा करून, ठरलेल्या जागी, पावसाआधी आणि पावसानंतर गाळाची खोली मोजावी. बचतीच्या वहीत जसा पैशांचा हिशेब असतो, तसा शेवटच्या पानावर हा हिशेब ठेवावा. दहा वर्षांनी ती वहीच आपला ताम्रपट होईल, आणि त्यावर आपली नावं असतील.