ट्युबरस बेगोनिया महाराष्ट्रात का टिकत नाही, आणि टिकवायचा तर कसा?

ताटाएवढं, गुलाबासारखं भरगच्च फूल. पिवळं, केशरी, लालभडक. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या या फोटोंमधलं झाड बहुतेक वेळा ट्युबरस बेगोनिया, म्हणजे कंदापासून वाढणारा बेगोनिया असतं. फोटो पाहून लोक कंद मागवतात. काही आठवड्यांत कंद कुजतो नाहीतर चार पानं येऊन झाड बसतं. दोष बऱ्याचदा हाताचा नसतो, हवामानाचा आणि चुकीच्या हंगामाचा असतो.

आधी फसवणूक ओळखा

बेगोनियात खरा निळा रंग नाही, त्यामुळे निळ्या बेगोनियाची जाहिरात दिसली की पुढे सरकावं. बियांचंही तसंच. बेगोनियाचं बी धुळीसारखं बारीक असतं. पाकिटातून मोहरीएवढे काळे दाणे निघाले, तर ते बेगोनियाचे नाहीत. कंद घेताना तो दाबून पाहावा. कडक आणि जड असेल तर चांगला, मऊ किंवा पोकळ लागला तर नको.

हे झाड मुळात कुठलं?

दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातलं. विषुववृत्त फार लांब नाही, पण उंचीमुळे हवा थंड आणि दमट, असा तो प्रदेश. इंग्लंडमधल्या व्हीच नर्सरीसाठी रिचर्ड पियर्स या संग्राहकाने १८६०च्या दशकात तिथून बोलिव्हिएन्सिस आणि इतर जाती पाठवल्या. त्याच नर्सरीतल्या जॉन सेडनने संकर करून १८७० साली पहिला संकरित ट्युबरस बेगोनिया बाजारात आणला. आज आपण पाहतो ती मोठी फुलं अशा संकरांच्या अनेक पिढ्यांमधून आली आहेत. पुढे बेल्जियममध्ये गेंट शहराच्या आसपास याची शेतीच उभी राहिली. ब्रुसेल्सच्या मुख्य चौकात अंथरला जाणारा प्रसिद्ध फुलांचा गालिचा (पहिला १९७१ साली) याच बेगोनियामुळे ओळखला जातो.

सह्याद्रीतही कंदाचा बेगोनिया आहे, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. पावसाळ्यात ओल्या कातळांवर, किल्ल्यांच्या भिंतींवर लहान गुलाबी फुलं येणारा बेगोनिया क्रेनाटा हा त्याचा दूरचा नातेवाईक. पाऊस संपला की तो जमिनीवरून नाहीसा होतो आणि कंद झोपी जातो. (तो उपटून कुंडीत आणू नये, कातळावरच बरा.)

खरी अडचण: दिवस मोठा तेव्हा ऊन, थंडी तेव्हा दिवस लहान

या झाडाला साधारण १५ ते २५ अंश तापमान मानवतं आणि रात्री गार लागतात. शिवाय ते दिवसाची लांबी मोजतं. दिवस सुमारे १४ तासांचा असेल तर वाढ आणि फुलं होतात. दिवस १२ तासांच्या आसपास किंवा त्याहून लहान झाला की झाड फुलं थांबवून कंद भरायला लागतं. युरोपात उन्हाळा गार आणि दिवस लांबलचक, म्हणून तिथे ते बहरतं. पुण्यात मे महिन्यात दिवस मोठा असतो, पण उकाडा झाडाला सोसत नाही. डिसेंबरात हवा छान, पण दिवस ११ तासांचाच. नुसतं खतपाणी वाढवून हे गणित सुटत नाही.

उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. पुणे, नाशिक, सातारा या बाजूला ऑक्टोबरच्या सुमारास, उकाडा ओसरल्यावर कंद लावावा. दिवस मावळल्यावर कुंडीवर साधा एलईडी दिवा रोज रात्री नऊपर्यंत लावावा. प्रकाश फार प्रखर नसला तरी चालतो, झाडाला फक्त दिवस मोठा वाटला पाहिजे. मुंबई आणि कोकणात रात्रीही पुरेशा गार नसतात, त्यामुळे तिथे हा हट्ट न केलेलाच बरा.

लागवड

कंदाची एक बाजू खोलगट असते, ती वर ठेवायची. कोंब तिथूनच फुटतात. उलटा लावलेला कंद हे न उगवण्याचं नेहमीचं कारण. कोकोपीट, पानांचं कुजलेलं खत आणि थोडं परलाइट असं भुसभुशीत मिश्रण घ्यावं, साधी काळी माती नको. कंदावर जेमतेम दोन सेंटिमीटर थर पुरे. खोलगट भागात पाणी साचू देऊ नये, कूज तिथूनच सुरू होते. कोंब दिसेपर्यंत मिश्रण नुसतं ओलसर राहिलं पाहिजे. आधाराची काठी लावतानाच खोचावी. नंतर खोचली तर कंदाला भोक पडू शकतं.

सकाळचं कोवळं ऊन आणि नंतर उजेडाची सावली द्यावी. पाणी सकाळी, मुळाशी आणि वरची माती सुकल्यावरच. दमट हवा कोंडून राहिली की पानांवर भुरी येते. पांढरी पूड दिसली तर ती पानं काढून हवा खेळती करावी. वाढ सुरू झाल्यावर पंधरवड्यातून एकदा १९:१९:१९ खत पाकिटावरच्या मात्रेच्या निम्म्याने द्यावं. नत्र जास्त झालं तर नुसती पानंच येतात.

फुलांचे घोस पाहिले तर मधलं भरगच्च फूल नर असतं आणि बाजूची दोन साधी फुलं मादी. मादी फुलामागे तीन पंखांचं बीजकोश दिसतं. मोठं फूल हवं असेल तर ती दोन कळी असतानाच खुडतात.

विश्रांती

पानं पिवळी पडू लागली की पाणी कमी करत बंद करावं. दांडा ओढून तोडू नये, तो आपोआप सुटतो. कंद काढून काही दिवस सावलीत वाळवावा आणि कोरड्या कोकोपीटमध्ये, कागदी पिशवीत, थंड जागी ठेवावा. शहरात उन्हाळ्यासाठी फ्रीजचा भाजीचा कप्पा सोयीचा, फक्त बर्फाच्या खणाजवळ नको. महिन्यातून एकदा पाहून मऊ पडलेला कंद बाजूला काढावा. घरात कुत्रा-मांजर असेल तर कंद त्यांच्या हाती लागू देऊ नये. त्यातली ऑक्झलेट्स त्यांना त्रास देतात, आणि ती कंदात सर्वांत जास्त असतात.

एवढी खटपट नको असेल तर

हिवाळ्यात नर्सरीत मिळणारा, लहान गुलाबासारख्या फुलांचा बेगोनिया बहुधा इलेटिअर असतो. सोकोत्रा बेटावरच्या बेगोनियाशी ट्युबरसचा संकर करून तो तयार झाला. तो लहान दिवसांतच फुलतो, म्हणजे आपल्या थंडीला योग्य. साठवण्याजोगा कंद मात्र त्याला धरत नाही. उष्ण, दमट गावांत वॅक्स बेगोनिया किंवा उंच काठीसारखा वाढणारा केन बेगोनिया सावलीत वर्षभर टिकतो.